पीएकाकांना अजिबात वेळ नाही

सख्ख्या मुलीने आपल्याला भेटीची वेळ घ्यायला सांगितली आहे हे पीएकाकांना कळलं, तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी बराच वेळ तशीच राहिली. गालावर साबण वाळवत ते खुर्चीत बसून होते आणि काय झालं म्हणून काकूंनी दोनदा विचारल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला.

मेसेज दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीचा होता. "बाबा, मला तुमच्याशी निवांत बोलायचंय. फक्त तुमच्याशी. खाली लिंक दिलीये, ती उघडली की माझ्या मोकळ्या वेळा दिसतील. त्यातली एक निवडा, व्हिडिओ कॉल आपोआप ठरेल." पीएकाकांनी लिंक उघडून पाहिली होती. मुलीचा अख्खा आठवडा करड्या चौकटींनी गच्च भरलेला होता आणि त्यात कुठेतरी एखादी हिरवी चौकट अंग चोरून बसली होती. हिरवी म्हणजे मोकळी. बापासाठी अर्धा तास, तोही मंगळवारी.

काकूंना यात काही वावगं दिसलं नाही. त्या म्हणाल्या, तिच्या ऑफिसात सगळे असंच करतात, शेजारी शेजारी बसणारी माणसंसुद्धा एकमेकांना लिंक पाठवूनच भेटतात, तेव्हा तो मंगळवार निवडा आणि दाढी पुरी करा. त्यांचं काय जातंय सांगायला. काकू काही उभी हयात साहेबांच्या दाराबाहेर बसल्या नव्हत्या.

पीएकाका बसले होते. त्यांचं खरं नाव इमारतीत फारसं कुणाला ठाऊक नाही. दारावरच्या पाटीवर आहे, पण शेजाऱ्याची पाटी कोण वाचतो? एका मोठ्या खात्याच्या मुख्य कार्यालयात ते साहेबांचे पीए होते. साहेब आले, साहेब गेले, पीए तेच राहिले. साहेबांना भेटायचं तर आधी पीएकाकांच्या टेबलापुढे उभं राहावं लागे आणि त्या टेबलाचा एक अलिखित नियम होता, की साहेब मोकळे आहेत असं बाहेर कधीही दिसता कामा नये. आत साहेब शब्दकोडं सोडवत असोत किंवा मान टाकून घोरत असोत, बाहेर पीएकाका डायरी उघडत, पानं पुढे नेत, एक सुस्कारा सोडत, पानं पुन्हा मागे आणत आणि शेवटी म्हणत, "बघतो, उद्या कुठेतरी बसवतो." समोरचा माणूस उपकाराच्या ओझ्याखाली वाकून परत जाई. या एका सुस्काऱ्याच्या जोरावर पीएकाकांनी कितीतरी साहेबांना मोठं केलं होतं. आणि आता त्यांचीच मुलगी त्यांना सांगत होती, की कुठेतरी बसवून घ्या.

अर्थात खरी गोष्ट एवढीच असती तर दाढी कधीच पुरी झाली असती. खरी गोष्ट अशी, की 'फक्त तुमच्याशी' हे दोन शब्द पीएकाकांनी एव्हाना इतक्या वेळा वाचले होते, की मोबाइलची काच साबणाने बरबटली होती. मुलीचा फोन घरी रोज येई, पण तो काकूंना. मायलेकींचं भाजी चिरता चिरता, बस पकडता पकडता सगळं बोलून झालं, की शेवटी फोन पीएकाकांकडे येई. ते म्हणत, "बरी आहेस ना? तब्येत सांभाळ. घे, आईशी बोल." वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं होतं. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. लहानपणी ही मुलगी सकाळी डोळे उघडल्यापासून जी बडबड सुरू करी, ती झोपेतही थांबत नसे, म्हणून तिला टिटवी हे नाव पीएकाकांनीच ठेवलं होतं. माया भरपूर होती. बोलायला विषय नव्हता. आणि विषयाशिवाय भेट ही गोष्ट त्यांच्या खात्यात कधी बसलीच नव्हती. आता मुलीने आपण होऊन बोलायला बोलावलं होतं आणि त्यांना जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. फक्त त्या हिरव्या फटीतून आत शिरताना मान वाकवावी लागत होती.

दुपारपर्यंत त्यांनी तोड काढली. आपण वेळ घ्यायची नाही, आपण वेळ द्यायची. जे सॉफ्टवेअर मुलीकडे आहे तेच आपणही घ्यायचं, त्यावर आपल्या भेटीच्या वेळा टाकायच्या आणि ती लिंक तिला पाठवायची. मग ती आपल्या डायरीत येईल. बोलणं तेच होईल, पण रीतीने होईल.

या कामी पहिला सल्ला तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. त्यांचे पेशंट अशाच लिंकवरून वेळ घेत. पण दवाखान्याचा दंडक असा, की वेळ घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि वेळ घ्यायची कशी हेच विचारायला पीएकाका गेलेले. शेवटी डॉक्टरांनी एका पेशंटच्या तोंडात यंत्र चालवता चालवता त्यांना दारातूनच माहिती दिली. हे बटण दाबा, ते बटण दाबू नका, स्मरणपत्र आपोआप जातं, सगळं फुकट आहे. तोंड उघडं ठेवून बसलेला पेशंटही हातवारे करून काहीतरी सांगत होता. डॉक्टरांना वाटलं त्याला दुखतंय, म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. तो बिचारा नंतर जिन्यात भेटला तेव्हा बधिर ओठांनी एवढंच म्हणू शकला, की कर्मचाऱ्यांच्या रकान्यात सांभाळून. तोवर वेळ निघून गेली होती.

कारण सॉफ्टवेअरने पहिल्याच पायरीवर पीएकाकांना पदनाम विचारलं. यादीत संस्थापक होता, विक्रीप्रमुख होता, सल्लागार होता, विद्यार्थीसुद्धा होता. सेवानिवृत्त नव्हता. सगळ्यात खाली 'इतर' असं लिहिलेलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर स्वतःला 'इतर' म्हणवून घ्यायला पीएकाका तयार होईनात. त्यांनी काकूंशी चर्चा केली, खिडकीबाहेर पाहिलं आणि मन घट्ट करून 'संस्थापक' निवडलं. तसं पाहिलं तर हा संसार त्यांनीच स्थापन केला होता. मग सॉफ्टवेअरने विचारलं, संस्थेत कर्मचारी किती. शून्य चालेना. एक घातला तर त्याचा पत्ता मागू लागलं. पीएकाकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काकूंचा ईमेल टाकला.

पुढच्याच क्षणी स्वयंपाकघरात काकूंचा मोबाइल वाजला. संस्थापकांनी त्यांना आपल्या संघात सामील होण्याचं निमंत्रण दिलं होतं. काकूंनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि आतूनच म्हणाल्या, की अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली, आता विचारताय होय. पण त्यांनी 'स्वीकारा' दाबलं. नाही म्हणायची त्यांची पद्धत नव्हती.

शेवटी पान तयार झालं आणि पीएकाकांचा आठवडा पडद्यावर उघडला. तो हिरवा होता. सोमवार हिरवा, मंगळवार हिरवा, सकाळ हिरवी, दुपार हिरवी, वरपासून खालपर्यंत नुसतं कुरण पसरलेलं. पीएकाका त्याच्याकडे बघत राहिले. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, पण आपल्याकडे नेमकं काय उरलं आहे ते त्यांना असं एका नजरेत कुणी दाखवलं नव्हतं. हे टिटवीला दिसता उपयोगी नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मग वर्षानुवर्षांची सवय कामाला आली. साहेब मोकळे दिसता कामा नयेत. पीएकाकांनी चष्मा पुसला आणि आठवडा भरायला घेतला. सोमवारी सल्लागार समिती. बुधवारी शिष्टमंडळाची भेट. गुरुवारी आढावा बैठक. सकाळी दूध आणायला जात त्याला त्यांनी 'पुरवठाविषयक पाहणी दौरा' असं नाव दिलं आणि दुपारी दोन ते चारमध्ये 'बंद दाराआड चर्चा' टाकली, रोज, कायमची. मुलीच्या पानावर नुसत्याच करड्या चौकटी होत्या; यांनी प्रत्येक चौकटीत विषयही दिसेल अशी सोय केली, कारण नुसती करडी चौकट काय, कुणीही रंगवू शकतं. शिवाय भेटीचं कारण लिहिणं सक्तीचं केलं. सगळं झाल्यावर त्यांनी टिटवीसाठी मोजक्या जागा मोकळ्या सोडल्या. काकू मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, की दोन ते चार तर तुम्ही झोपता. पीएकाका म्हणाले, दार बंद करूनच झोपतो ना.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण हाताला लागलेलं वळण सुटत नाही. खात्यातलं कोणतंही पत्र एकट्याला जात नसे. त्याची एक प्रत माहितीस्तव आणखी कुणाला तरी जाई, नाहीतर ते पत्रच नव्हे. पीएकाकांनी लिंक मुलीला पाठवली, वर "भेटीच्या वेळा सोबत जोडल्या आहेत, सोयीनुसार नोंदणी करावी" असं लिहिलं आणि माहितीस्तव एक प्रत इमारतीच्या ग्रुपवर टाकली. तिथे कुणाला काही कळवायची गरज नव्हती. पण खरं सांगायचं तर सल्लागार समिती, शिष्टमंडळ वगैरे चार लोकांच्या नजरेला पडायला त्यांची काही हरकतही नव्हती.

संध्याकाळच्या आत एकही मोकळी जागा उरली नाही. माणसाकडे वेळ नाही म्हटलं की ज्याला काही काम नाही त्यालाही त्याला भेटायचं असतं, हे पीएकाकांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. इमारतीचे चेअरमन रोज जिन्यात भेटत आणि मान हलवून पुढे जात. त्यांनी 'गच्चीची गळती' या विषयावर वेळ घेतली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी इमारत बाई म्हणते, त्यांनी कारणाच्या जागी लिहिलं, 'आवाज येतो का ते पाहणे'. आणि खालच्या डॉक्टरांनी निव्वळ कौतुक म्हणून एक वेळ घेऊन टाकली.

बाईंची भेट पहिली झाली. पीएकाका इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलपुढे बसले. बाई त्यांच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत बसल्या होत्या आणि त्यांना वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत बोलायची सवय होती. त्यांचं वाक्य आधी छतातून खाली येई आणि मग क्षणभराने तेच मोबाइलमधून बाहेर पडे. पीएकाका छताला उत्तर देत तोवर मोबाइल प्रश्न विचारत असे. आवाज येतो का, असं बाईंनी विचारलं. येतो, म्हणाले. मग तो चांगला येतो का म्हणून त्यांनी शाळेच्या एका समारंभासाठी लिहिलेलं अख्खं भाषण वाचून दाखवलं. पीएकाकांनी ते दोनदा ऐकलं, एकदा वरून आणि एकदा समोरून.

पण खरा घाव चेअरमनच्या वेळी बसला. ठरल्या वेळी पीएकाका तयार होऊन बसले आणि त्यांच्या मोबाइलवर काहीच आलं नाही. आवाज आला तो स्वयंपाकघरातून. काकू ओट्याला टेकून चेअरमनशी बोलत होत्या. झालं होतं असं, की संस्थेत दोन माणसं दिसल्यावर सॉफ्टवेअरने कामाची समान वाटणी केली होती; एक भेट संस्थापकांची, एक कर्मचाऱ्याची, आळीपाळीने. दातांचा पेशंट जीव तोडून सांगत होता ते हेच. वर्षभर चिघळलेला गच्चीच्या गळतीचा वाद काकूंनी पोळपाट पुसता पुसता मिटवला. चेअरमन इतके खूश झाले, की त्यांनी ग्रुपवर लिहिलं, भेट घ्यायची तर काकूंची घ्या. त्यानंतर ज्यांच्या वाट्याला पीएकाका येत ते नम्रपणे वेळ रद्द करून पुन्हा नशीब आजमावत. आठवड्याच्या शेवटी सॉफ्टवेअरने संस्थापकांना कळवलं, की तुमच्या संघातील सदस्याची कामगिरी उत्तम आहे, तिचं अभिनंदन करा. पीएकाकांनी ते केलं नाही.

हा सगळा गोंधळ त्यांनी सोसला असता. पण मोबाइल टिंग वाजला की ते धावत जात आणि प्रत्येक वेळी निरोप बाईंचा नाहीतर डॉक्टरांचा निघे. टिटवीने वेळ घेतलीच नव्हती. तिचा मंगळवार येऊन गेला. काकूंना तिचा फोन येई, पण आता तो शेवटी पीएकाकांकडे यायचाही बंद झाला होता. त्यांना वाटलं, रागावली असेल.

काकू एका सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून समोर बसल्या. त्या अशा समोर बसल्या, की काहीतरी असतं.

"टिटवीने तुमचं पान बघितलं," त्या म्हणाल्या.

"मग वेळ का नाही घेतली?"

"म्हणाली, बाबा किती कामात आहेत गं. बरं वाटलं तिला. रिटायर झाल्यावर तुम्ही कसे राहाल याची तिला काळजी लागली होती. आता म्हणते, त्यांना कशाला मध्येच त्रास द्यायचा. माझं तसं काही विशेष नव्हतं."

पीएकाकांनी चहाचा कप बाजूला सारला.

"आवाज बरा नव्हता तिचा," काकू म्हणाल्या. "मी विचारलं, तर मला नाही सांगत. तुम्ही सरळ फोन करा."

पीएकाकांनी फोन हातात घेतला. नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. तिच्या त्या करड्या चौकटी त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. ती कुठल्या बैठकीत बसली असेल, समोर तिचे साहेब असतील, आणि मध्येच बापाचा फोन. वेळ न घेता घुसणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर दाराबाहेर थांबवलं होतं. स्वतः घुसायचं कसं, ते त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला. स्वतःच्या पानावरच्या खोट्या बैठका काढून टाकायच्या, म्हणजे टिटवीला मोकळी जागा दिसेल. सल्लागार समितीवर बोट ठेवताच सॉफ्टवेअरने विचारलं, की ही बैठक रद्द झाल्याचं उपस्थितांना कळवायचं का. उपस्थित कोणीच नव्हते. पीएकाकांना उगीच ओशाळल्यासारखं झालं. 'बंद दाराआड चर्चा' तर हटेचना. ती त्यांनी कायमची लावली होती. आजची काढली की उद्याची तशीच, उद्याची काढली की परवाची. वैतागून त्यांनी जे मोठं लाल बटण दिसलं ते दाबलं. त्याने सगळ्या खोट्या बैठका शाबूत ठेवल्या आणि शेजाऱ्यांच्या सगळ्या खऱ्या भेटी रद्द केल्या. प्रत्येकाला पत्र गेलं, की अपरिहार्य कारणास्तव आपली भेट होऊ शकत नाही.

बाई लगेच खाली आल्या. त्यांना भाषणाचा दुसरा भाग वाचायचा होता. चेअरमन आले, डॉक्टर हातमोजे घालूनच आले. अपरिहार्य कारण म्हणजे काय, कुणाची तब्येत बिघडली का, असं जो तो विचारू लागला. पीएकाकांनी बघतो, बसवतो, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द काही केल्या बाहेर येईनात. मग काकूंनीच सगळ्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, की त्यांना मुलीशी बोलायचं आहे आणि जमत नाहीये, बाकी काही नाही. हे ऐकल्यावर तिघंही जायला वळले. बाई म्हणाल्या, असं होतं. आणि जाताना डॉक्टरांनी हळूच दार ओढून घेतलं.

टिंग वाजलं ते दुसऱ्या दिवशी, काकूंच्या मोबाइलवर. शेजाऱ्यांच्या भेटी गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या एका जागेत कुणीतरी पाव तास मागितला होता. काकूंनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"माझ्या पाळीत आली होती," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "पण बोलावलं तुम्हाला होतं. मी तुमच्याकडे वळवलीये."

कारणाच्या जागी टिटवीने लिहिलं होतं, 'काही विशेष नाही'. असं कारण घेऊन येणारी माणसं पीएकाकांनी कधी उंबरठा ओलांडू दिली नव्हती. त्यांनी 'मंजूर' घाईघाईत दोनदा दाबलं.

ठरल्या वेळेच्या आधीच काकूंनी पिशवी उचलली. मीही जरा पाहणी दौऱ्यावर जाऊन येते, असं म्हणून त्या बाहेर पडल्या. पीएकाका मोबाइलपुढे एकटे राहिले. मग पडदा उजळला आणि टिटवी दिसली. ऑफिसला जातात तसे कपडे, केस नीट बांधलेले, मागे भिंत. चेहरा वाळला होता.

"बाबा, तुमचं नंतर शिष्टमंडळ आहे ना? मी पटकन बोलते," ती म्हणाली. मग तिने त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. त्यांनी तिथल्या हवेचं विचारलं. ती म्हणाली, बाकी सगळं छान चाललंय, सहज वेळ घेतली. पीएकाका म्हणाले, "बरी आहेस ना? तब्येत सांभाळ. घे, आईशी..." आणि त्यांनी वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं. ते पुन्हा समोर वळले. टिटवी हसत होती, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. ती काहीतरी गिळून बसली आहे हे त्यांना लख्ख दिसलं. बंद दारापुढे ताटकळणाऱ्या माणसांचे चेहरे वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता, आणि आज दाराबाहेर त्यांची मुलगी उभी होती. दार त्यांनीच लावलं होतं.

"शिष्टमंडळ येणार नाहीये," ते म्हणाले.

"रद्द झालं?"

"नव्हतंच कधी."

टिटवीला कळलं नाही. पीएकाकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"सगळ्या बैठका मीच लिहिल्यात. आठवडा अगदी रिकामा होता गं माझा. तुला तसा दाखवायची लाज वाटली."

"सल्लागार समिती?"

"मी एकटाच."

"पाहणी दौरा?"

"दूध आणतो."

"आणि रोज दोन ते चार, ती बंद दाराआड चर्चा?"

"झोपतो," पीएकाका म्हणाले.

टिटवी हसली. आधी हळू, मग लहानपणी हसायची तशी, पोट धरून, टेबलावर डोकं टेकून. पीएकाकांनाही हसू आलं. पण ती थांबेना. डोकं वर येईना. खांदे हलत होते आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की हे हसणं राहिलेलं नाही. ते पडद्याच्या अगदी जवळ सरकले. याहून जवळ जाता येत नव्हतं.

"बाबा, माझ्याही खोट्याच आहेत," ती डोकं न उचलता म्हणाली. "त्या करड्या चौकटी. आमचा अख्खा विभाग बंद केला त्यांनी. मी महिनाभर घरीच आहे. रोज सकाळी आवरते, लॅपटॉप उघडते आणि बसते. कुणी माझं पान बघितलं तर वाटू नये, की हिला काही काम नाही."

पीएकाकांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला.

"आईला नाही सांगितलं," ती म्हणाली. "ती रडेल आणि मिळेल त्या गाडीने इकडे येईल. मला तुम्हालाच विचारायचं होतं. तुम्हाला माहीत असेल ना, सकाळी उठून कुठे जायचंच नसलं की काय करायचं ते."

एवढ्या वर्षांत किती माणसं त्यांच्यापुढे कामं घेऊन आली होती, पण ती सगळी साहेबांकडे आलेली असत. त्यांच्याकडे म्हणून आलेलं हे पहिलंच काम.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मला सगळं माहीत आहे. पहिला महिना फार वाईट जातो. मी तर बूट घालून, जिना उतरून खाली जायचो आणि विसरलो काहीतरी असं दाखवून परत वर यायचो. तुझ्या आईला कळायचं. बोलायची नाही."

टिटवीने डोकं वर केलं. नाक लाल झालं होतं. "मग?"

"मग सांगतो ना. रडून घे आधी."

एवढ्यात पडद्यावर पाटी आली, की आपली वेळ संपत आली आहे. पीएकाका गडबडीत वेळ वाढवायचं बटण शोधू लागले आणि त्यांनी नेमकं चुकीचं दाबलं. टिटवी दिसेनाशी झाली. सॉफ्टवेअरने नम्रपणे विचारलं, की आजची भेट कशी वाटली, किती तारे द्याल. पीएकाकांनी त्याला उत्तर दिलं नाही. त्यांनी मोबाइल उचलला आणि वेळबीळ न घेता सरळ तिचा नंबर लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

काकू परत आल्या तेव्हा बऱ्यापैकी अंधारून आलं होतं. दाराशी येऊन त्यांनी किल्ली काढली आणि त्या थांबल्या. आतून पीएकाकांचा आवाज येत होता, सलग, न थांबता. मध्येच मोबाइलमधून टिटवी बोले, मग पुन्हा ते. हा माणूस एवढं बोलू शकतो हे काकूंना माहीत नव्हतं. काय बोलत होते ते नीट कळत नव्हतं आणि काकूंनी कान दिलाही नाही. त्यांनी किल्ली परत पिशवीत टाकली आणि त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

वरून बाई उतरत होत्या. काकूंना पायरीवर बसलेलं पाहून त्यांनी विचारलं, "किल्ली विसरलात का?"

"किल्ली आहे," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "आत बापलेक बोलतायत."

बाईंनी मान हलवली, पदर सावरला आणि आवाज न करता त्याही त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या.